नामपूर करणे

मला कोणी त्या अंतिम सामन्याबद्दल विचारलं, की मी मध्यंतरापर्यंत सांगत असे. पहिला डाव मी फार रंगवून सांगे, हातवारे करून, कधी कधी खुर्चीतून उठूनसुद्धा. मग मध्यंतर होई आणि मी चहा मागवी. चहा येईपर्यंत कोणीतरी दुसरा विषय काढलेला असे. मुलं, सुना, नातवंडं, सत्काराला बोलावणारे लोक, सगळ्यांना मी अर्धाच सामना सांगितला आहे. दुसरा डाव सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. आता वय झालं आहे, पण स्मरण शाबूत आहे आणि हातही थरथरत नाही. तेव्हा उरलेला सामना आज लिहून टाकतो.

निमित्त झालं मॅटचं. सातपूरला आमच्या कारखान्यामागे जे कबड्डीचं मैदान होतं, तिथे आता पत्र्याची मोठी शेड उभी आहे आणि शेडमध्ये निळं-पिवळं मॅट अंथरलं आहे. कारखाना केव्हाच बंद पडला, पण मैदान मंडळाकडे राहिलं आणि संघाचं नावही राहिलं. हल्ली तिथला मुलींचा संघ फार चांगला खेळतो. मॅटचं उद्घाटन जुन्या कप्तानाच्या हातून व्हावं म्हणून तिथला प्रशिक्षक किरण मला रिक्षा घेऊन न्यायला आला.

नारळ फोडला, टाळ्या झाल्या, मी चपला काढून मॅटवर उभा राहिलो. पायाला मऊ लागलं, नाकाला मात्र काहीच लागलं नाही. नव्या रबराचा वास होता, तेवढाच. सवयीने वाकून मी बोट जमिनीला टेकवलं आणि कपाळाला लावलं. बोट कोरडं आणि स्वच्छ.

मग मुलींनी एक छोटा सामना खेळून दाखवला. मी पुढच्या खुर्चीत शाल सावरत बसलो होतो. एक चढाई चालली होती, बचावाच्या मुली हात धरून डोलत होत्या आणि डाव्या बाजूची एक मुलगी जरा लवकर पुढे झुकली. किरण ओरडला, "ए ईश्वरी, नामपूर करू नको!"

सगळे हसले. माझ्या शेजारचे पाहुणेही हसले.

सामना संपल्यावर पोरी पाया पडायला आल्या तेव्हा मी त्या ईश्वरीला विचारलं, "काय गं, नामपूर करणं म्हणजे काय?"

"तुम्हाला माहीत नाही आजोबा? साखळी तोडून एकटीनेच उडी मारायची. येड्यासारखं."

तिच्या मागची दुसरी म्हणाली, "तसं नाही काही. पैसे खाऊन मुद्दाम हरायचं, त्याला म्हणतात नामपूर."

"आणि नामपूर कुठे आहे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "म्हणजे, ते गाव आहे?" ईश्वरी म्हणाली.

गाव आहे. बागलाणात आहे, मोसम नदीच्या काठी. तिथून आमच्या संघात एक खेळाडू आला होता. त्याचं नाव लोटन.

आमच्या मैदानाला वास होता. दसरा झाला की आम्ही खेळाडूच ते खणायचो, ढेकळं फोडायचो, माती चाळायचो, खडे वेचून कुंपणापलीकडे फेकायचो. संध्याकाळी पाणी मारायचं आणि दगडी रोळ ओढायचा. सकाळी त्या मातीवर फक्कीने रेषा मारल्या, की ओल्या मातीचा आणि चुन्याचा मिळून एक गार वास येई. पलीकडे तेव्हा द्राक्षांच्या बागा होत्या. बागांवर गंधक मारलेलं असलं की वाऱ्याबरोबर तोही वास येई आणि खेळता खेळता घसा खवखवे. थंडी अशी पडायची, की दम धरून कबड्डी-कबड्डी म्हणणाऱ्याच्या तोंडातून वाफेची दोरी निघे. सराव संपला की गुडघ्यांना हळद आणि तेल, मग फाटकाबाहेरच्या टपरीवर मिसळ. तिखट तर्रीने नाक वाहू लागलं की अण्णा म्हणायचे, "खा खा, फुकटची हाय, कारखाना देतोय."

अण्णा आमचे मार्गदर्शक. कारखान्यात ते कामगारांच्या कल्याणाचे साहेब होते, पण साहेबासारखे बोलायचे नाहीत. आम्हालाही कारखान्याने कामगार म्हणूनच घेतलं होतं आणि पगार मिळायचा तो खेळण्याचा. सकाळी हजेरी लावायची आणि थेट मैदानावर यायचं. यंत्रावर घाम गाळणारी माणसं आम्हाला बघून म्हणायची, "आले बघा जावई." पण त्याच माणसांनी रजा टाकून आमचे सामने पाहिले. आम्ही जिंकून आलो की ढोल घेऊन फाटकावर तीच उभी असायची.

लोटन आला तो एक पत्र्याची पेटी आणि काखेत घोंगडी घेऊन. उंचीने बेताचा, मनगटं मात्र लाकडासारखी. बोलला की सगळे हसायचे, कारण तो अहिराणी बोलायचा आणि प्रत्येक गोष्टीला "शे", म्हणजे आहे, लावायचा. अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पकड करता येती का?" तर तो म्हणाला, "करी तर पाहू, साहेब. पाय कोना शे?" त्यांनी आमच्या सगळ्यात दांडग्या चढाईपटूला पाठवलं. लोटनने त्याचा घोटा धरला आणि अण्णांनी शिट्टी वाजवीपर्यंत सोडला नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव शेभाऊ पडलं. तो रागवायचा नाही. उलट कोणी हाक मारली की म्हणायचा, "मी शे ना!"

मी डाव्या कोपऱ्यात खेळायचो. लोटनला अण्णांनी माझ्या शेजारी उभं केलं. आणि मग आमची ती साखळी तयार झाली, जिच्याबद्दल मी पहिल्या डावात इतकं सांगतो.

ज्यांनी कबड्डी खेळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्या संघाचा गडी चढाईला येतो, तेव्हा बचावातले दोघे दोघे हात धरून राहतात. त्याला साखळी म्हणतात. पकडायचं ठरलं तर दोघांनी एकदम जायचं. एक गेला आणि दुसरा राहिला तर गेलेला फुकट जातो. पण एकदम जायचं कधी? तोंडाने सांगता येत नाही, डोळ्याने खुणावलं तर समोरच्याला कळतं. म्हणून आम्ही हातानेच बोलायचो. हलकेच दाबलं म्हणजे थांब. जोरात दाबलं म्हणजे जा. कोपऱ्यावरून मला चढाईपटूचे पाय नीट दिसायचे, म्हणून दाबायचं मी. लोटन पायांकडे बघायचासुद्धा नाही. तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून हसत राहायचा, अगदी लग्नघरात आल्यासारखा, आणि माझा हात जोरात दाबला गेला की न बघता झेपावायचा. त्याच क्षणी मी वरून कमरेला मिठी मारायचो. पंच, प्रेक्षक, समोरचा संघ, कोणालाही कळायचं नाही की हे दोघे एकदम कसे काय निघतात. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना तेवढं माहीत होतं.

माझ्या तळहाताला घाम यायचा. सामन्याआधी लोटन वाकून चिमूटभर माती घ्यायचा आणि माझ्या तळव्यावर चोळायचा, आधी माझ्या, मग स्वतःच्या. "तुना हात मासोळीसारखा शे," म्हणायचा.

त्या हंगामांत आम्ही काय काय जिंकलो! लासलगावला बाजार समितीच्या आवारात स्पर्धा होती. दिवसा तिथे कांद्याचे लिलाव आणि दुपारनंतर त्याच जागेवर मैदान. कांद्याच्या सालपटांचा लालसर थर बाजूला झाडून रेषा मारलेल्या. खेळताना डोळे चुरचुरायचे, जिंकलेले आणि हरलेले सगळेच रडल्यासारखे दिसायचे. अंतिम सामना रंगात आला आणि दिवेलागणीला वीज गेली. पंच म्हणाले, उद्या खेळू. लोक ऐकेनात. तेवढ्यात एका शेतकऱ्याने आपला ट्रॅक्टर चालू करून तोंड मैदानाकडे केलं आणि दिवे लावले. मग दुसऱ्याने, मग रांगेतल्या सगळ्यांनी. चारही बाजूंनी ट्रॅक्टरचे दिवे, धुरकट उजेड, डिझेल आणि कांदा यांचा वास, आणि आमच्या लांबलचक सावल्या एकमेकींना पकडताहेत. आम्ही हात धरला की लोक ओरडायचे, "साखळी! साखळी!" त्या उजेडात लोटनने शेवटची पकड केली तेव्हा सगळ्या ट्रॅक्टरांनी एकदम हॉर्न वाजवले. तसा सन्मान मला पुढे कोणत्याही व्यासपीठावर मिळाला नाही.

ढाल जिंकली की ती घेऊन वणीच्या गडावर जायची, ही अण्णांची रीत. पायऱ्या चढताना ढाल प्रत्येकाने थोडा वेळ डोक्यावर घ्यायची. लोटन आपली पाळी आली की मला म्हणायचा, "तू माले धर, मी ढालले धरस." देवीपुढे ढाल ठेवली की पुजारी तिला कुंकू लावायचा. खाली येऊन आम्ही पेढे खायचो आणि अण्णा कुंकवाचं बोट ढालीवरून पुसू द्यायचे नाहीत. कारखान्याच्या कपाटात त्या सगळ्या ढाली कुंकवासकट उभ्या होत्या. कारखाना बंद झाला तेव्हा त्या कुठे गेल्या, कोणालाच माहीत नाही.

आता तो सामना.

नाशिकलाच होता, आमच्याच मैदानावर, राज्यभरातले संघ आले होते. अंतिम फेरीत समोर मुंबईचा संघ. त्यांचा हुकमी चढाईपटू मूळचा सटाण्याकडचा होता, म्हणजे लोटनच्याच मुलखातला. सकाळी मैदानाच्या नळावर दोघांची भेट झाली. मी शेजारीच तोंड धूत होतो. दोघे अहिराणीत बोलले, हसले, खांद्यावर हात टाकून उभे राहिले. आमच्या कारखान्याचे दोन-तीन साहेब लांबून बघत होते. त्यांना एक अक्षर कळलं नसणार. मला लोटनच्या सहवासाने सगळं कळत होतं. लोटन विचारत होता, "तुनी माय कशी शे?" त्या मुलाची आई आजारी होती आणि लोटन तिला ओळखत होता. बस, एवढंच बोलणं.

पहिला डाव तुम्ही माझ्याकडून कधी ना कधी ऐकला असेल. दुसऱ्या डावात आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि शेवटची चढाई उरली होती. तो सटाण्याचा मुलगा आला. आधीच्या एका चढाईत त्याने मागे फिरून मारलेली लाथ माझ्या छातीत बसून मी बाद झालो होतो, नुकताच परत आत आलो होतो आणि श्वास अजून नीट येत नव्हता. नुसतं थांबलो असतो, त्याला हात लावू दिला नसता, तरी आम्ही जिंकलो असतो. पण तो माझ्या बाजूला आत आला, पाय लांबवला, आणि मला वाटलं, आता. मी लोटनचा हात जोरात दाबला.

लोटन गेला. न बघता गेला, नेहमीसारखा.

आणि त्याच निमिषात त्या मुलाची टाच माझ्या दिशेने वळलेली मला दिसली. मी नाही गेलो. माझे पाय जागच्या जागी राहिले आणि मी हात सोडला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. लोटन एकटाच घोट्याला लटकला, त्याला वाचवायला मधला गडी धावला, तो मुलगा दोघांना ओढत मध्यरेषेवर पडला आणि त्याचा हात पलीकडे टेकला. दोन गुण. ढाल मुंबईला गेली. लोकांना काय दिसलं? शांत उभी असलेली साखळी, जिंकलेला सामना, आणि एक माणूस कारण नसताना एकटाच उडी मारतो. दाबलेला हात कोणाला दिसत नाही. सोडलेलाही दिसला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत ओल्या मातीचा आणि मलमाचा वास होता. अण्णा दारात उभे राहिले. त्यांनी लोटनला विचारलं, "कोनी सांगितलं व्हतं तुला जायाला?"

लोटनने माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

मग अण्णांनी मला विचारलं, "तू दाबला व्हता का?"

मी म्हणालो, "नाही."

इतकं स्वच्छ "नाही" मी आयुष्यात पुन्हा कधी म्हटलं नसेन. लोटन गुडघ्यावरची माती खरवडत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "माले तसं वाटनं, साहेब. मनीच चूक शे."

एवढ्यावर निभावलं असतं. खेळात चुका होतात. पण साहेबांना सकाळचा नळ आठवला. हे दोघे काय कुजबुजत होते? आपल्याला कळू नये म्हणूनच त्या भाषेत बोलत होते ना? संध्याकाळपर्यंत फाटकावरच्या टपरीत ठरून गेलं, की लोटन विकला गेला. ढोल घेऊन आलेली माणसं ढोल न वाजवता परत गेली, आणि एकाने मैदानाकडे तोंड करून थुंकलं. त्या नळावर मी होतो. मला त्यातला शब्द न् शब्द कळला होता. "तो त्याच्या आईची चौकशी करत होता," एवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग तो एकटा का गेला? म्हणून मी तेही बोललो नाही.

पुढच्या हंगामाला लोटनला संघात घेतलं नाही. तो पेटी घेऊन निघाला तेव्हा मी मैदानावर होतो. फाटकातून त्याने हात वर केला. मी रोळ ओढत होतो, दोन्ही हात दांड्यावर होते.

मला कप्तान केलं. संघात नवी पोरं आली. एका सकाळी सरावात एक पोरगा साखळी सोडून एकटाच झेपावला आणि तोंडावर आपटला. सगळे माझ्याकडे बघू लागले, आता कप्तान काय बोलतो. अण्णाही बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "काय रे, नामपूर केलंस का?"

असा हशा पिकला! अण्णा सोडून सगळे हसले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि मग शिट्टी तोंडात धरून पाठ फिरवून उभे राहिले. तो शब्द त्या दिवशी जन्मला. जुन्या मंडळींना विचारलं तर कोणी म्हणेल साहेबांनी पाडला, कोणी म्हणेल प्रेक्षकांनी. मी पाडला. मला खात्री करून घ्यायची होती की लोक लोटनवर हसताहेत, आणि एकदा हसायला लागले की कोणी विचारत नाही. ते पोरगे पुढे दुसऱ्या संघांत गेले, शाळांत शिक्षक झाले, शब्द घेऊन गेले. आता तो नाशिकच्या मॅटवर चालतो आणि म्हणणाऱ्यांना माहीतही नाही की हे गाव आहे.

उद्घाटनानंतर मी किरणला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, अगदी जसं वर लिहिलं आहे तसं. तो ऐकत राहिला. मग माझ्या खांद्यावर शाल नीट करत म्हणाला, "काका, मी नाही म्हणणार आता. पण ते पोरींच्या तोंडात बसलंय हो. आणि खरं सांगू, तुम्ही सांगितलं म्हणून तुमच्याबद्दलचा आदर वाढलाच माझा."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आदरासाठी का सांगत होतो मी?

लोटन आता नाही. मागच्या पावसाळ्यात गेला. म्हणून मी नामपूरला त्याच्या घरी गेलो, त्याच्या बायकोकडे, इंदूवहिनींकडे. त्या ओट्यावर लसूण निवडत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, डोळे लोटनच्या घरात शोभतील असे हसरे. मी समोर बसलो आणि सांगितलं. दाबलेला हात, सोडलेला हात, अण्णांसमोरचं "नाही", नळावरची गोष्ट, तो शब्द. काही मागे ठेवलं नाही. त्यांनी मध्ये अडवलं नाही, फक्त लसणाच्या पाकळ्या सोलणं थांबलं.

शेवटी म्हणाल्या, "माले सांगीसन काय फायदा भाऊ? त्यास्ले सांगणं व्हतं."

मी एक पाकळी उचलून सोलू लागलो.

"तुम्ही उनात ना तवय? जेवनात आठे. ते तर समोरच बसेल व्हतात." मग शहराच्या भाषेत, मला नीट कळावं म्हणून बोलल्या, "आणि मी तुम्हाला विचारलं होतं. आठवतं का?"

आठवतं. निवृत्त झाल्यावर एकदा मी नामपूरला गेलो होतो. सटाण्याला लग्न होतं असं घरी सांगितलं होतं. लग्न वगैरे काही नव्हतं. एसटीत बसल्यापासून मी वाक्य पाठ करत होतो: लोटन, हात मी दाबला आणि मीच सोडला, माझं चुकलं, माफ कर.

तो तिथल्या कांदा बाजारात लिलाव पुकारायचं काम करत होता. एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्यावर, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि एका दमात भाव पुकारणारा त्याचा खणखणीत आवाज मला बाजाराच्या फाटकातूनच ऐकू आला. मला पाहून तो भाव अर्धवट सोडून धावत आला. व्यापारी ओरडले तर त्यांना म्हणाला, "थांबा रे, मना जोडीदार उना!" पोटाला हात लावून म्हणाला, "काय हे! तुले उचलाले आते क्रेन लागी."

घरी शेवभाजी आणि बाजरीच्या भाकरी. त्याच्या टीव्हीवर कबड्डी लागली होती. मोठे दिवे, मॅट, रंगीत कपडे, लाखांत विकत घेतलेले खेळाडू. लोटन घास हातात धरून बघत होता. "पोरं भारी शेत," म्हणाला. "पन एक गोष्ट शे. हात धरतस, पन हात बोलतस नही." आणि हसला. माझ्याकडे न बघता हसला. मला वाटलं, आता बोलावं. मी भाकरीचा तुकडा मोडला.

तो हात धुवायला परसात गेला तेव्हा इंदूवहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? यांनी तेव्हा खरंच काही केलं होतं का? हे कधीच बोलत नाहीत. माझे भाऊ अजून टोमणे मारतात. तुम्ही तर शेजारी होता."

मी म्हणालो, "जुन्या गोष्टी वहिनी. शेवभाजी फार सुरेख झालीय."

दुपारच्या लिलावाला लोटनला परत जायचं होतं, पण तो मला गाडीत बसवायला स्टँडवर आला. खिडकीखाली उभा राहिला. डोक्यावर कांद्याची सालपटं चिकटलेली. म्हणाला, "सकाळपासून पाही राहिनू, तू तोंड उघडस न् मिटस. काही सांगणं व्हतं का?"

"नाही रे."

"सांग ना. मी शे ना आठे."

कंडक्टर तिकिटं देत मागून येत होता. माझ्या ओठांवर ते वाक्य होतं, अगदी पहिल्या शब्दापासून तयार. मी म्हणालो, "थंडी वाढलीय. कानाला काही बांधत जा."

घंटी झाली. लोटन गाडीबरोबर चार पावलं चालला, मग त्याला कोणी व्यापाऱ्याने हाक मारली आणि तो वळला.

गाव मागे पडलं, उसाची शेतं आली, आणि मी खिडकीच्या काचेशी तोंड नेऊन ते वाक्य बोललो. सगळं बोललो, एकही शब्द न गाळता. शेजारी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिने पदर सावरून विचारलं, "माले काही म्हनात का बाबा?"

"नाही," मी म्हणालो, "तुम्हाला नाही."